मेलेल्याचं, मोठ्याचं आणि रानातलं : खान्देशातल्या वर्ज्य मांसाची नोंद

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात धुळे–मुंबई एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका ७२ वर्षांच्या मुस्लिम वृद्धाला इगतपुरीच्या आसपास टोळक्याने मारहाण केली. ते कल्याणला मुलीकडे निघाले होते. सोबतच्या बरण्यांत मांस होते आणि ते म्हशीचे आहे असे ते सांगत राहिले. व्हिडिओ राज्यभर फिरला, त्यानंतर गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या.

अशी घटना घडली की आपल्या तरुणांत दोन सूर उमटतात. एक म्हणतो, काय खायचे हा आमचा हक्क आहे, आमच्या बापजाद्यांनी हेच खाल्ले. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले होते, मग बौद्ध झाल्यावर त्याचा अभिमान कशाला? दोघेही प्रामाणिक असतात, पण दोघे वेगवेगळ्या मांसाबद्दल बोलत असतात. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्याचे. गाडीत मारहाण झाली ती ‘मोठ्याच्या’ संशयावरून. हा फरक विसरल्यामुळे आपली निम्मी भांडणे होतात. म्हणून कुठले मांस कोणी, कधी आणि का वर्ज्य ठरवले, याची ही नोंद. खान्देश डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे, पण बरीचशी महाराष्ट्राच्या कुठल्याही वस्तीला लागू पडेल.

वर्ज्य कोणी ठरवले?

आज कुणी घोरपड खातो म्हटले की लोक नाक मुरडतात, ‘जंगली’ म्हणतात. पण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पाच नखांच्या प्राण्यांपैकी जे खायला चालतात, त्यांत घोरपड आहे, साळिंदर आहे, कासव आहे, ससा आहे, गेंडासुद्धा आहे. त्याच्या पुढच्याच श्लोकात द्विजाला वर्ज्य म्हणून गावडुक्कर, गावचा कोंबडा, लसूण, कांदा आणि कुत्र्याची छत्री म्हणजे मशरूम येतात. म्हणजे मनूच्या हिशेबाने घोरपड चालेल, पण कांदा-लसणाच्या वाटणातला गावठी कोंबडा चालणार नाही. जळगावच्या हॉटेलांत आज काय विकले जाते ते पाहिले की ही यादी किती ‘सनातन’ आहे ते कळते.

सम्राट अशोकाचीही यादी आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, आणि पुढे तेही बंद होतील. पाचव्या स्तंभलेखात त्याने मारू नयेत अशा प्राण्यांची नावे दिली आहेत : राघू, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार वगैरे. या यादीत दुभत्या गायीला सरसकट संरक्षण नाही, याकडे बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये बोट ठेवले आहे. अशोकाचा निकष जीवहत्या कमी करण्याचा होता. मनूचा निकष कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध हे ठरवण्याचा. दोन्ही याद्या वरून सारख्या दिसतात म्हणून त्यांना एका माळेत ओवू नये.

तिसरी यादी इंग्रजांची. १९११ च्या जनगणनेत हिंदूंची वर्गवारी करताना ज्या १० कसोट्या लावल्या, त्यांत गोमांस खाणे आणि गायीला न मानणे ही एक होती, मृतांना पुरणे ही दुसरी. बाबासाहेबांनी हाच धागा पकडला. अस्पृश्य मानलेल्या जातींची नावे, भाषा, धंदे वेगवेगळे होते, पण मृत गायीच्या मांसाशी असलेला संबंध बहुतेकांत समान होता. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : एके काळी गोमांस सगळेच खात. वसलेले लोक ताजे खात, आणि गावाबाहेर राहणाऱ्या फुटीर, पराभूत टोळ्यांच्या वाट्याला मेलेले येई. तेव्हा त्यावरून कोणी अस्पृश्य नव्हते. पुढे बौद्ध धम्माशी झगडताना ब्राह्मणांनी गाय पवित्र ठरवली. गावाबाहेरचे लोक बौद्ध होते आणि गरीबही, त्यांना मेलेल्या गायीचे मांस सोडता आले नाही. कालपर्यंतचे जेवण एका रात्रीत पाप झाले. पुराव्यांतल्या फटी तर्काने सांधाव्या लागल्या, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले आहे. आपल्या वक्त्यांनीही ते तसेच सांगावे, त्याने मांडणी दुबळी होत नाही.

मेलेल्याचं

गावात कुणाचा बैल, गाय, म्हैस मेली की सांगावा महारवाड्यात यायचा. ढोर ओढून गावाबाहेर न्यायचे, सोलायचे, कातडे ठरल्याप्रमाणे मालकाला द्यायचे किंवा हक्क म्हणून ठेवायचे, आणि मांस वस्तीत वाटायचे. हे सगळे वतनाचे काम. त्याला मजुरी नव्हती. मांस हीच मजुरी. वाटे घरवार पडत, आणि ज्या घराकडे येसकराची पाळी असेल त्याला वेगळा मान असे. ‘हक्क’ हा शब्द इथे किती उलटा वापरला गेला पाहा. ज्याला नाकारायची सोय नाही, त्याला हक्क म्हणायचे!

एका जनावराचे मांस दोन दिवसांत संपत नाही, आणि ते रोज मिळणारही नाही. त्यातून वाळवण आले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर किंवा बाजेवर उन्हात वाळत घालायच्या. या चान्या. कडक वाळल्या की मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात काढायच्या. इंगळावर भाजून, ठेचून भाकरीबरोबर, नाहीतर डाळीत टाकून. बलुतं, जिणं आमुचं, आठवणींचे पक्षी या आत्मकथनांच्या पिढीने ही भूक आणि ही वाटणी लिहून ठेवली, ती लाज सोडून आणि रंग न चढवता. तरुणांनी ती पुस्तके यासाठीही वाचावीत.

चान्यांची चव होती हे खरे. त्याबरोबर मरणही होते. जनावर म्हातारपणाने मेले की रोगाने, हे वाटा घेणाऱ्याला कळत नसे. बुळकांडीच्या साथीत ढोरांचे कळप पडत. हा रोग २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झाले. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स मात्र आजही आहे. काळपुळीने मेलेले जनावर उघडले की हवेच्या संपर्काने जंतूंचे बीजाणू तयार होतात. ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या शिजवण्याने हमखास मरत नाहीत. सोलणाऱ्याच्या हातावर काळी खपली धरलेला फोड येतो, खाणाऱ्याच्या पोटात रोग जातो. फऱ्या, घटसर्प ही नावेही जुन्या माणसांच्या तोंडी असतात. दुष्काळात हे सगळे वाढे. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला छप्पनचा म्हणतात, गुजरात-खान्देश पट्ट्यात माणसांइतकाच गुरांवर फिरला. चारा नसल्याने मेलेल्या ढोरांवर जगलेल्या माणसांना नंतर ‘घाणेरडे खाणारे’ म्हणणे ही गावाची रीत झाली, आणि ते ढोर ओढायला बोलावणारेही तेच गाव.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळे सगळ्यांना आठवते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे-उष्टे मागणे सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, असे सांगितले, हे कमी आठवते. पाणी पिणे आणि मृतमांस नाकारणे ही एकाच लढ्याची दोन टोके होती : जे आपले आहे ते घेणे, आणि जे आपल्यावर लादले ते टाकणे. त्यांच्या बोलण्यात गाय पवित्र आहे म्हणून खाऊ नका, असे कुठेही नाही. सोडायचे होते ते कुणीतरी टाकून दिलेले. लगेच हिशेब मांडणारे पुढे आले : कातडे, शिंगे, हाडे यांचे वर्षाचे उत्पन्न बुडेल. बाबासाहेबांचा उलट प्रश्न असा होता की धंदा इतका फायद्याचा आहे तर तुम्हीच का करत नाही? त्याला उत्तर आले नाही.

सोडणे सोपे नव्हते. ढोर ओढायला नकार दिला की गाव बहिष्कार घाली : मजुरी बंद, दुकान बंद, पाणवठा बंद, गुरे चारायला बंदी. हे हत्यार खान्देशातही चालत होते. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे काम संपवून १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले, ते धुळे लाइनवरच्या एका गावातल्या अशाच सामाजिक बहिष्काराची चौकशी करायला. परत येताना एकही टांगेवाला त्यांना बसवायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेऊन महारवाड्यातल्याच न शिकलेल्या माणसाने हाकला, आणि पुलावर अपघात झाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधला हा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचे बहिष्काराचे वाक्य मात्र वाचताना निसटते.

वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्याने, जो १९५९ मध्ये लागू झाला. तोवर १९५६ चा धम्मप्रवेश होऊन गेला होता आणि हजारो वस्त्यांनी कायद्याची वाट न पाहता हे काम टाकले होते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना तालुक्यात मोटा समढियाळा गावच्या चार तरुणांना मेलेली गाय सोलली म्हणून गाडीला बांधून मारले. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली ढोरे उचलणे बंद केले आणि सुरेंद्रनगरात ती सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. त्या मार खाल्लेल्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. महाडची हाक ८९ वर्षांनी तिकडे पोचली म्हणायची.

कार्यकर्त्यांनी कलमे पाठ ठेवावीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मृत जनावर उचलायला किंवा वाहून न्यायला लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, स्पष्टपणे गुन्हा आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ७-अ तर अशी सक्ती म्हणजे अस्पृश्यता पाळणेच मानते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे, तो २०१७ पासून लागू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पीची राज्यातली साथ रावेर तालुक्यातून सुरू झाली आणि जनावरे मरू लागली. अशा वेळी ती खोल खड्ड्यात पुरणे ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी असते, कुठल्या वस्तीची नाही. पुढच्या साथीत ग्रामपंचायतीला हे सांगावे लागेल तेव्हा कागद हातात असू द्या.

मोठ्याचं

बकऱ्याचे ते मटण किंवा छोट्याचे, गाय-बैल-म्हशीचे ते मोठ्याचे. भुसावळ, जळगाव, धुळे, चाळीसगावच्या मुस्लिम मोहल्ल्यांत ‘बडे का’ म्हणतात. बाजारात मिळणारे मोठ्याचे म्हणजे कापलेल्या जनावराचे, तपासून विकलेले, विकत घेतलेले. मेलेल्याशी त्याचा संबंध नाही. बकऱ्याचे मटण परवडत नाही त्या घराला मोठ्याचे परवडते, एवढे साधे गणित त्यामागे आहे. रेल्वेत, गिरणीत, हमालीत राबणाऱ्या माणसाला प्रथिने कुठून मिळणार, हा प्रश्न गोरक्षकांच्या भाषणात येत नाही.

कायदा असा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गायीची कत्तल बंद होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांचीही कत्तल बंद झाली. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत, सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावर त्यांची कत्तल चालते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम ५-ड रद्द केले, आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे हे सांगणारे कलम ९-ब ही रद्द केले. त्यावर अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार कायद्याने उपनिरीक्षक व त्यावरच्या पोलिसाला आणि शासनाने अधिकार दिलेल्या व्यक्तीला आहे. रेल्वेच्या डब्यातल्या पोरांना तो कुणी दिलेला नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले. त्या घोषणेने कायद्याचे एकही कलम बदललेले नाही, तरी गावातल्या टोळक्याला ती नवे कलम वाटते. म्हणून मोठ्याचे नेताना दुकानाची पावती जवळ ठेवणे शहाणपणाचे.

शेतकऱ्याचे काय झाले, हेही याच नोंदीत यावे. वरखेडी, सावदा, चाळीसगावच्या गुरांच्या बाजारात थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवी जोडी घेणे ही कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी रीत. गिऱ्हाईक तुटले की म्हातारा बैल दारात उभा राहतो. त्याला चारा घालणारा बहुधा बहुजनच असतो.

ताटात काय होते

खान्देशी जेवण म्हटले की भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे, डुबुकवडे. ही नावे मासिकांत आणि महोत्सवांत झळकतात, आणि ती चांगलीच आहेत. पण गावाच्या त्या टोकाला काय शिजत होते ते त्या यादीत सापडत नाही. आपणही ते सांगत नाही, पाहुणे आले की तर नाहीच.

रक्ती घ्या. कापताना धरलेले रक्त थिजले की उकळून घट्ट करायचे, तुकडे पाडायचे आणि कांदा-मिरचीवर परतायचे. लोहाचा इतका स्वस्त पदार्थ दुसरा नाही. वजडी म्हणजे जनावराचे पोट-आतडे. चुन्याच्या पाण्यात किंवा कढत पाण्यात टाकून आतला काळा पापुद्रा खरवडायचा, मग तासन्‌तास शिजवायची. नीट धुतली नाही तर घरभर वास. ही कला होती आणि ती बायकांच्या हातात होती. मुंडी आणि पाय जाळावर धरून केस जाळायचे, खरवडायचे, मग फोडायचे. फोपसा, काळीज, तिल्ली, गुर्दा, भेजा, जीभ : प्रत्येकाला वेगळे नाव, शिजवायची वेगळी वेळ, आणि घरात कुणाला द्यायचे याचा वेगळा नियम. चरबी वितळवून डब्यात ठेवायची. तेल विकत घेणे सणासुदीचे काम होते. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरची, खोबरे-तीळ असलेच तर. आज ज्याला काळा मसाला म्हणून मिरवतात, तेवढा सगळा त्या चुलीवर नव्हता.

गंमत अशी की हेच पदार्थ शहरातल्या हॉटेलात ‘पाया सूप’ आणि ‘भेजा फ्राय’ झाले की त्यांची घाण जाते.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची अशी नोंद करते, २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्न-आठवणींवर पुस्तिका केली होती.

एक कडू गोष्ट. डुक्कर अनेक ठिकाणी महारवाड्यातही शिजत नसे. ते मांगांचे, वडारांचे, कैकाड्यांचे मानले जाई. जो गावासाठी अशुद्ध होता, त्यानेही स्वतःखाली कुणाला तरी अशुद्ध ठरवून ठेवले होते. उंदराचेही तसेच. कोकणातले कातकरी शेतातले उंदीर खातात, वडारही खात. बिहारमध्ये तर एका जातीला मुसहर हेच नाव पडले. शेतातला धान्य खाणारा उंदीर आणि गटारातली घूस यांत फरक आहे, पण हिणवणाऱ्याला तो करायचा नसतो. आज खाणाऱ्याला खरी भीती वेगळीच आहे. बिळात टाकलेल्या झिंक फॉस्फाइडने मेलेला उंदीर माणसालाही मारू शकतो.

धम्म काय म्हणतो

विहारात हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर देणारा बहुधा स्वतःची आवड धम्माच्या नावावर खपवतो. ग्रंथांत काय आहे ते पाहू.

विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना १० मांसे मना आहेत : माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि तरस. प्रत्येकामागे प्रसंग आहे. वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेने आजारी भिक्खूसाठी मांस शोधले, पण त्या दिवशी कत्तल बंद होती. तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून शिजवून पाठवले. भगवंतांनी विचारले, काय खाल्लेस ते चौकशी केलीस का? चौकशी केली नव्हती. तिथून माणसाचे मांस निषिद्ध आणि चौकशी सक्तीची झाली. हत्ती-घोडे ही राजाच्या सैन्याची अंगे, दुष्काळात लोक त्यांचे मांस खात आणि भिक्खूंनाही वाढत, त्यातून राजरोष ओढवण्याची भीती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या किमती ऐकल्या की तो कुणी का खात नाही, ते आजही कळते. कुत्रा-सापाची लोकांना किळस होती. वाघ-सिंहांचे मांस खाल्लेल्या भिक्खूंवर त्या वासाने तेच प्राणी रानात हल्ला करत, असे कारण दिले आहे. गाय या यादीत नाही. डुक्करही नाही.

दुसरा नियम त्रिकोटी-परिशुद्धीचा. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तसा संशय नाही, तर भिक्खूने दिलेले घ्यावे. मज्झिमनिकायातल्या जीवकसुत्तात हाच खुलासा आहे. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे जन्मभर बंद करा, अशी मागणी इतर चार मागण्यांबरोबर केली, ती बुद्धांनी नाकारली. सुत्तनिपातातले आमगंधसुत्त तर सांगते की दुर्गंधी मांसाची नसते, ती क्रौर्य, चोरी, खोटेपणा, कपट यांची असते. चुंदाने वाढलेले सूकरमद्दव डुकराचे मांस होते की अळंबी, हा वाद अट्ठकथांपासून चालू आहे. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) मध्ये मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात जैन श्रमणांचाही उल्लेख आल्याने मोठे वादळ उठले. कोसंबी मागे हटले नाहीत.

बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची आहे, मांस न खाण्याची नाही. शाकाहारी होणाऱ्या बौद्धाने दयेपोटी खुशाल व्हावे, त्यात आनंद आहे. पण शेजारच्या घरातल्या वासावरून त्या घराचे बौद्धपण मोजू नये. ते माप मनूचे आहे.

धम्माच्या नावाने हे माप वापरले की काय होते, ते जपानने दाखवले. सम्राट तेन्मूने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने बंद केले. पुढे शिंतो विटाळ आणि बौद्ध अहिंसा यांची सांगड बसली, आणि जनावरे सोलणारे, कातडे कमावणारे लोक वेगळ्या वस्त्यांत लोटले गेले. तेच आजचे बुराकू समाजाचे लोक. १८७१ च्या हुकमाने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला. भेदभाव न संपल्यामुळे १९२२ मध्ये त्यांनी सुइहेइशा ही संघटना काढली, महाडच्या पाच वर्षे आधी.

रानातलं

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-शिरपूर पट्ट्यात आणि साक्रीकडे, भिल्ल-पावरा-कोकणी समाजांच्या जेवणात रानातला वाटा पूर्वापार आहे. घोरपड, ससा, साळिंदर, तितर-लावा, कासव, मोर. इतरांच्या नजरेत ते ‘विचित्र’, रानातल्या माणसाला ते मोसमी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र हे सगळे संरक्षित आहेत. घोरपड आणि मोर पहिल्या अनुसूचीत येतात, त्यात किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य किंवा चाळीसगावजवळच्या गौताळ्यात सापडलात तर प्रकरण आणखी वाढते. शहरातून हौसेने ‘काहीतरी वेगळे’ चाखायला ढाब्यांवर जाणाऱ्या आपल्या पोरांना हे स्पष्ट सांगायला हवे. त्या पैशासाठी फास लावणारा आदिवासी तुरुंगात जातो आणि खाणारा स्टेटस टाकतो. घोरपडीच्या तेलाने सांधे मोकळे होतात वगैरे निव्वळ थापा आहेत, त्या थापांनीच तिला संपवत आणले.

कुत्र्याचे मांस निघाले की सगळे नागालँडकडे बोट दाखवतात. तिथल्या सरकारने जुलै २०२० मध्ये घातलेली विक्रीबंदी गुवाहाटी उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केली. दक्षिण कोरियाने मात्र जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच कायदा करून २०२७ पासून हा धंदा बंद करायचे ठरवले. एक बंदी वरून लादलेली, दुसरी समाजातल्या चर्चेतून आलेली.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर धुळे-जळगावचा समाज बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतो. तिथे सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांशेजारी बसून विचारता येईल. तुमच्या गावात ढोर ओढणे कुठल्या साली बंद झाले, पहिला नकार कुणी दिला, त्यानंतर गावाने काय बंद केले. चान्यांना, रक्तीला, वजडीला अहिराणीत तुमच्याकडे काय म्हणत. वाटा कसा पडे आणि विधवेच्या घराला किती मिळे. फोनमध्ये रेकॉर्ड करा, गावाचे नाव आणि साल आधी बोलून घ्या. ज्याला आपले नाव द्यायचे नसेल त्याचे देऊ नका.